भांडं रिकामं परत देऊ नये

मे महिना लागला की नागपूरचा माणूस दोनच गोष्टींवर बोलतो, कूलर आणि पारा. आमच्या मनीषनगरात सध्या दोन्ही जोरात आहेत. परवाच कूलरच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या. त्यांच्यावर पाणी पडलं आणि घरभर तो ओल्या गवताचा वास सुटला. दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून जमिनीवर चटई टाकावी, पन्ह्याचा पेला उशाशी ठेवावा आणि बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसावं, हे सुख पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळायचं नाही. ते बिचारे आपल्याला पारा विचारतात आणि हळहळतात. हळहळू द्यावं.

शाळांना सुट्ट्या लागल्या आहेत. इमारतीतली मुलं सकाळी खाली क्रिकेट खेळतात, दुपारी कुणाच्या तरी घरी मोबाइलभोवती गोळा होतात. निम्मी मामाच्या गावाला पांगली. सुट्टी म्हणजे मजा, हे आपण इतकं गृहीत धरून चालतो की तिला दुसरी बाजू असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. माझ्या येतं. मी ती बाजू दोनदा पाहिली आहे, एकदा इथल्याच जुन्या इतवारीत आणि एकदा इंग्लंडात.

परवा दुपारी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उभी राहते आहे. तिथल्या मजुरांपैकी कुणाची तरी मुलगी, असेल सात-आठ वर्षांची, विटांवर पाणी मारायच्या पाइपला तोंड लावून पाणी पीत होती. तहानलेलं मूल घटाघटा पितं आणि पळून जातं. ही पीत होती, थांबत होती, पोटावर हात ठेवून अंदाज घेत होती आणि पुन्हा पीत होती. शाळा सुरू असली की मनपाच्या शाळेत दुपारी खिचडी मिळते. आता शाळा बंद. मी कपडे घेऊन आत आले, पण त्या दुपारी काही मला झोप लागली नाही.

माझ्या ओट्यावर सगळी भांडी स्टीलची. त्यांच्यात एक पांढरा चिनीमातीचा बाउल आहे, निळ्या काठाचा, एका जागी टवका उडालेला. त्यात मी दही लावते. येणारीजाणारी प्रत्येक बाई म्हणते, "टवका उडालेलं भांडं ठेवू नये हो घरात, फेकून काहून नाही देत?" मी सांगते, "माझं नाही ते. परत द्यायचं आहे." कुणाचं, म्हणून विचारलं की गोष्ट लांबते. आज लांबू दे.

आम्ही इतवारीत राहायचो तेव्हा धान्याचा सारा बाजार तिथेच होता. गल्ल्यांत हातगाड्या अडकलेल्या, हमालांची ओरड, गव्हाची धूळ आणि मिरचीचा ठसका. बाबा हमाल होते. दिवसभर गव्हाची पोती वाहायचे. एका उन्हाळ्यात, ऐन आवकेच्या दिवसांत, थप्पीवरून पोतं कलंडलं आणि त्यांच्या कमरेवर आलं. तो पूर्ण हंगाम ते खाटेवर पडून होते. आई दुकानं बंद होताना शेठला विचारून ओट्यासमोर सांडलेलं धान्य झाडून आणायची. गहू, ज्वारी, तूर, खडे, सुतळीचे तुकडे, सगळं एकत्र. संध्याकाळभर सूप चालायचं. त्यातून निघायचं ते पाच माणसांना कुठलं पुरतंय! एरवी शाळेत सुकडी मिळायची, मुठीएवढी, गोड, तोंडाला चिकटणारी. सुट्ट्या लागल्या आणि तीही बंद झाली. माठातलं पाणी थांबून थांबून कसं प्यायचं, म्हणजे पोट काही वेळ गप्प बसतं, ही विद्या मी त्या उन्हाळ्यात शिकले.

शेजारच्या खोलीत यमुनाकाकू राहायच्या. काकांची भांड्यांच्या दुकानात नोकरी होती, म्हणजे घरात भाकरीची भ्रांत नव्हती. एके सकाळी काकू दारात येऊन आईला म्हणाल्या, "काहून वं, तुहा पितळी गंज दे बरं आजच्या दिस. मले पाहुणे येऊन राहिले." भांड्यांच्या दुकानातल्या माणसाच्या बायकोला गंज, म्हणजे साधं पातेलं, कमी पडावं, हे मलाही तेव्हा नवल वाटलं होतं. आईने चिंच आणि राख लावून गंज असा घासला की त्यात तोंड दिसावं, आणि दिला. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्यात वरण होतं, वर झाकणीत भात. काकू म्हणाल्या, "भांडं रिकामं देऊ नाही बाप्पा, घर रुसते."

त्या उन्हाळ्यात काकूंकडे इतके पाहुणे आले की विचारू नका. एकही आम्हाला दिसला नाही. काकूंची एखादी वाटी आमच्याकडे आली तर आईही ती रिकामी पाठवायची नाही. काही नसलं तर कढीपत्त्याची डहाळी घालायची. ती डहाळी काकू दोन्ही हातांनी घ्यायच्या. आईला काही कळत नव्हतं असं नाही, पण दोघींनी तो विषय मरेपर्यंत काढला नाही.

बाबा उठले, पुढे मी शिकले, बँकेत लागले, इतवारी सुटली. माझी मुलगी रश्मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडात गेली, उत्तरेकडच्या एका गावात. निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात तिने बोलावलं. तिकडे जुलैच्या शेवटी शाळांना सुट्टी लागते. नवरा-बायको दोघं कामावर, तेव्हा नात सईला सांभाळायला आजी पाहिजे. आजी स्वेटर घालून हजर झाली. त्या लोकांचा तो उन्हाळा! सूर्य रात्री जेवायच्या वेळेपर्यंत मावळत नाही आणि दिवसभर असून तापत नाही. आपल्याकडच्या डिसेंबरात याहून बरं ऊन पडतं.

घरांची एक लांब ओळ, भिंतीला भिंत लागून, मागे हातभर अंगण आणि मध्ये लाकडी कुंपण. कुंपणापलीकडे शेली राहायची, तिची मुलगी एमी सईच्याच वयाची. शेली एकटीच होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालण्याचं, औषधं देण्याचं तिचं काम. निळा गणवेश घालून ती भल्या सकाळी निघायची. ती परत येईपर्यंत एमीकडे बघायला एक ओळखीची मुलगी यायची, आपल्या मोबाइलमध्ये डोकं घालून. एमी आमच्या अंगणात खेळायची.

एमीचे कपडे स्वच्छ, बूट चांगले, केस विंचरलेले. आपल्या डोळ्यांना भूक फाटक्या कपड्यांत बघायची सवय, म्हणून मला पहिले काही दिवस काही दिसलंच नाही. दुपारी आम्ही जेवायला बसलो की ती "मी जेवून येते" म्हणून घरी जायची आणि आमचं वाढून होतंय तोवर परत यायची. एवढ्या वेळात तर पोळीचे दोन घासही होत नाहीत. मग एकदा ती अंगणातल्या नळाशी पाणी पिताना दिसली. पीत होती, थांबत होती, पोटावर हात ठेवून अंदाज घेत होती.

ज्या देशातल्या दुकानात कुत्र्या-मांजरांच्या खाण्याची एक अख्खी गल्ली असते, त्या देशात हे? संध्याकाळी रश्मीला विचारलं तर ती हातातलं काम टाकून माझ्याजवळ बसली. "आई, इथे हे खूप आहे. शाळेत गरिबांच्या मुलांना जेवण फुकट असते. सुट्टीत ते बंद. चर्चच्या हॉलमध्ये धान्याच्या पिशव्या देतात, तिथे रांग लागते. त्या रांगेत नोकरीवाले लोक असतात."

"नोकरी करून?" मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच बाबा आठवले. गव्हाची पोती वाहायचे आणि घरात गहू नसायचा. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी एमी निघाली तशी मी तिला धरून बसवलं. ताटात वरणभात, तूप, लिंबाची फोड. ती म्हणाली, "नको, थँक्यू." आता आपल्या विदर्भात पहिल्या "नको"ला कोण विचारतं? पहिलं नको लाज म्हणून, दुसरं रीत म्हणून, आणि तिसऱ्या वेळी माणूस ताट पुढे ओढतो. मी पुन्हा वाढलं. ती पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा मी नागपुरी आवाजात दटावलं, "खा वं पोरी!" भाषा कळली नसेल, पण आवाज कळला. तिने जे जेवायला सुरुवात केली, ते ताटाच्या काठावरचं वरण बोटाने पुसेपर्यंत. मग तिने मला विचारलं, "तुमच्याकडे रोज दुपारी जेवतात?"

हो म्हणून मी तिला आणखी भात वाढला. मला वाटलं, चला, प्रश्न सुटला. पोरगी रोज येईल, रोज जेवेल. काय ती माझी ऐट!

त्याच संध्याकाळी शेली दारात आली. गणवेश तसाच, तोंड लाल. "माझी मुलगी उपाशी नाही," ती म्हणाली. "कृपा करून तिला मला न विचारता जेवू घालू नका." मी पुढे होऊन म्हणाले, अहो त्यात काय, लेकरू आहे. तेव्हा तिचा चेहरा आणखी कठीण झाला. ती गेली आणि एमीचं आमच्याकडे येणं बंद झालं. कुंपणापलीकडून फक्त टीव्हीचा आवाज यायचा.

रश्मी माझ्यावर चिडली. "इथे नको म्हणजे नको असते, आई. तू समजून काहून नाही राहिली? तिले वाटलं असन की तू कोणाले तरी सांगशीन. मुलीला नीट खाऊ घालत नाही असं कळलं तर सरकारी लोक येतात घरी, चौकशी करतात. पोरगी घेऊन जातील अशी धास्ती असते या आयांना."

म्हणजे माझ्या वरणभाताची शेलीला भीती वाटत होती. तिच्याजवळ एक पोरगीच होती, आणि मी ताट वाढून तिच्या त्या एका गोष्टीला हात लावला होता. आणि सुट्टी तर अजून जवळजवळ अख्खी पडली होती. त्या कुंपणापलीकडे एक मूल नळाचं पाणी पिऊन सप्टेंबरची वाट बघत होतं, आणि अलीकडे माझा फ्रिज भरलेला. मी दोन दिवस घरात येरझारा घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी लावताना हातात पातेलं आलं आणि यमुनाकाकू दारात उभ्या राहिल्यासारख्या वाटल्या.

मी सरळ शेलीचं दार वाजवलं. माझं इंग्रजी बँकेतलं. त्यात कर्ज मंजूर करता येतं, दही लावता येत नाही. तरी सांगितलं, "मला दही लावायचं आहे. मुलीकडे सगळी भांडी स्टीलची, तुमच्या इथल्या थंडीत त्यात दही लागत नाही. तुमच्याकडे चिनीमातीचं एखादं भांडं असेल तर उसनं द्या." भांडण उकरायला आलेली म्हातारी भांडं मागते, याचा शेलीला अर्थ लागेना. ती आत गेली आणि निळ्या काठाचा बाउल घेऊन आली. देण्याआधी तिने तो नळाखाली धुतला, पुसला. स्वच्छच होता तो. आईचा चिंच लावून घासलेला गंज मला आठवला.

दुसऱ्या दिवशी बाउल परत नेला तेव्हा त्यात मसालेभात होता. तिने झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. मी घाईघाईने म्हणाले, "आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. घर रुसतं." रुसण्याला इंग्रजी शब्द मला सुचला नाही, म्हणून तोंड फुगवून दाखवलं. शेली हसली नाही. पण बाउल तिने घेतला.

त्यानंतर आमच्या घरात भांड्यांचा जो तुटवडा पडला, तो पडलाच. आज दह्याला बाउल हवा, उद्या पीठ भिजवायला मोठा हवा, परवा ओव्हनमधला ट्रे. रश्मी म्हणायची, "आई, त्यांना वाटत असेल आपण लग्नात भांडी आणलीच नाहीत." पातोड्या गेल्या, झुणका गेला, तिखट कमी करून वडाभातही गेला. तिखट कमी म्हणजे माझ्या हिशेबाने. एमी नाक पुसत, पाणी पीत जेवते, असं सईने कुंपणावरून बघून सांगितलं. आणि एका सकाळी एमी स्वतःच बाउल घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आई विचारते, आज तुम्हाला बाउल लागणार आहे का?"

"लागणार आहे," मी म्हणाले. "रोजच लागणार आहे."

ती सुट्टी अशी सरत गेली. मला आजही विचाराल तर मी सांगेन, त्या उन्हाळ्यात मी जेवढा चांगला स्वयंपाक केला तेवढा आयुष्यात कधी केला नाही. शेली आणि मी दारात उभ्यानेच बोलायचो, पावसावर, म्हाताऱ्या माणसांच्या हट्टांवर. जेवणावर एक शब्द नाही. एमी पुन्हा अंगणात येऊ लागली, आणि दुपारी "मी जेवून येते" म्हणून गेली की आता चांगली वेळ लावून परत यायची.

शाळा उघडायच्या जरा आधीची गोष्ट. शेली संध्याकाळी दारात आली. हातांवर ओरखडे होते. म्हणाली, "तुमच्याकडे एखादा डबा आहे का? एका दिवसासाठी हवा होता." मी काही न विचारता स्टीलचा गोल डबा दिला, धुऊन, पुसून. दुसऱ्या दिवशी दोघी मायलेकी तो परत घेऊन आल्या. एमीचे ओठ जांभळे झालेले. डबा काठोकाठ भरलेला होता काळ्या ब्लॅकबेरींनी. रेल्वेच्या कडेला काटेरी झुडपं माजतात, त्यांच्यावर येणारी ही फळं, दिसायला आपल्या शहतुतांसारखी. कामावरून आल्यावर दोन संध्याकाळी दोघी तोडत होत्या.

"रिकामा देत नाहीत ना तुमच्याकडे?" शेली म्हणाली.

तिला सगळं कळत होतं, पहिल्या बाउलपासून. मी तिथेच दारात रडले. मला रडताना बघून एमी घाबरली. तिला वाटलं, फळं आंबट निघाली.

निघायच्या दिवशी बाउलमध्ये शिरा घालून द्यायला गेले, तर शिरा ताटलीत काढून घेऊन शेलीने बाउल माझ्या हातात परत दिला. "हा घेऊन जा. रिकामा परत देता येणार नाही तुम्हाला, म्हणजे यावं लागेल." म्हणून तो बाउल नागपुरात आहे, आणि ब्लॅकबेरींचा तो स्टीलचा डबाही मी रश्मीकडून मागून आणला. एमी आता मोठ्या शाळेत जाते. सईकडे आली की पोळ्या लाटते. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळे नकाशे होतात म्हणे.

आज सकाळी ऊन चढायच्या आत मी जिना उतरले आणि शेजारच्या प्लॉटवर गेले. पाइपवर पाणी पिणाऱ्या मुलीचं नाव पायल. तिची आई छबी, गोंदियाकडची. पत्र्याच्या खोलीसमोर भांडी घासत होती. मी म्हणाले, "ताई, तुहा तो मोठा गंज दे बरं आजच्या दिवस. माह्याकडे पाहुणे येऊन राहिले."

छबीने माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून आमच्या इमारतीचे मजले पाहिले. "तुमच्या घरी गंज नाही, बाई?"

"आहे. पुरत नाही."

पायल विटांवर बसून ऐकत होती. छबीची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच राहिली. मी आग्रह केला नाही. छबीने घासून ठेवलेला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गंज उचलला, पुन्हा माती लावून घासला, विसळला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"न्या. पण बाई, आमच्या गावाकडं भांडं रिकामं वापस नाही करत."

"आमच्याकडेही नाही," मी म्हणाले.

"मंग तुमचंही एखांदं भांडं ठेवून जा माह्यापाशी," छबी म्हणाली. "मलेही वापस कराचं हाये."

मी गंज घेऊन वर गेले आणि स्टीलचा तो गोल डबा घेऊन पुन्हा खाली उतरले.